कोंडाकाकीचं व्हायचंय अजून

जुन्नरच्या पेठेत मसाल्याच्या गिरणीवरच्या मजल्यावर दस्तगीर कागदी यांचं ‘महेक कॉम्प्युटर्स’ आहे. जिना चढताना पहिल्या वळणापर्यंत शिंका येतात, दुसऱ्या वळणावर त्या थांबतात आणि वर पोचेपर्यंत माणूस मोकळ्या नाकानं परीक्षेला बसायला तयार झालेला असतो. ही सोयसुद्धा दस्तगीरभाईंनीच करून ठेवलीय असं गिरणीवाला गोकुळ सांगतो. ते खरं नाही. बाकीच्या सोयी मात्र त्यांच्याच.

कुठल्या संस्थेला, कुठल्या क्लासला संगणकावर परीक्षा घ्यायची असली की ते दस्तगीरभाईंकडे प्रश्न पाठवतात. प्रश्न काढणं हे त्यांचं काम नाही, उत्तरं तपासणं हेही नाही. त्यांचं काम मधलं. पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न दिसावा की सगळे, अक्षर केवढं असावं, ‘पुढे’चं बटण कुठं असावं, होऊन गेलेल्या प्रश्नाकडे परत जाऊ द्यावं की नाही, घड्याळ कुठल्या कोपऱ्यात बसवावं, हे सगळं ते ठरवून, जुळवून देतात. लोक याला सेटिंग म्हणतात. ‘हे दस्तगीरभाई, परीक्षेचं सेटिंग करतात’ अशी कुणी ओळख करून दिली की नवखा माणूस आधी दचकतो आणि मग हळूच खुर्ची जवळ ओढतो. त्याला खरा प्रकार समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो आणि समजल्यावर त्याचा चेहराही.

या मधल्या कामावर दस्तगीरभाईंचा फार जीव. परीक्षा प्रश्नानं घ्यावी, पडद्यानं घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी एकदा एका भरतीच्या परीक्षेत त्यांनी लाल रंगाचं ठसठशीत घड्याळ वरती मधोमध बसवलं होतं, तर एक उमेदवार सगळा वेळ त्या घड्याळाकडेच बघत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, पेपर सोपा असावा, पण बघायला सवड झाली नाही. त्या दिवसापासून दस्तगीरभाईंनी घड्याळ खाली नेलं, बारीक केलं आणि करड्या रंगात टाकलं. जमिनीवर पडलेल्या नाण्यासारखं. मुद्दाम शोधलं तरच सापडावं.

हीच नजर मग सगळीकडे चालते. लेण्याद्रीला गेले तर दर्शनाआधी त्यांचं चालू होतं, की पायथ्याशीच कुणीतरी एकूण पायऱ्यांचा आकडा सांगून टाकतो हे चूक आहे. माणसाला एका वेळी एक टप्पा दाखवावा, म्हणजे म्हातारी माणसंसुद्धा गप्पा मारत वर जातील. लग्नातल्या पंगतीत सगळे पदार्थ एकदम वाढले की त्यांना ते एकाच पानावर सगळे प्रश्न टाकल्यासारखं वाटतं. स्वतः मात्र ते असे जेवतात की शेवटचा पदार्थ पानात पडायच्या आत पहिल्याचा मागमूस राहत नाही. घरातही तेच. जहाँआराभाभी भाकऱ्या करून, तवा उतरवून जेवायला बसतात आणि दुसरा तुकडा मोडतात, तोवर यांचं जेवण होऊन हे हात धुवायला उठतात. इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्याच्या पाठीकडे बघत जेवायची सवय झालीय.

त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद व्हायचा. आजोबांनी कागद केला, वडलांनी वह्या विकल्या आणि दस्तगीरभाईंनी बिनकागदाची परीक्षा काढली. भाभी म्हणतात, पुढच्या पिढीनं परीक्षाच बंद केली की कागद्यांचं काम पुरं झालं. पुढची पिढी म्हणजे महेक. ती लग्न होऊन मंचरला असते आणि वडलांच्या दुकानावर आपलं नाव असल्याचा तिला अजून संकोच वाटतो.

तर अशा या दस्तगीरभाईंकडे गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका संस्थेच्या रुपालीमॅडम आल्या. वरच्या डोंगरातल्या बायांना त्यांनी आरोग्यसखी म्हणून तयार केलं होतं. ताप मोजणं, गरोदर बाईची नोंद ठेवणं, कुणाला कधी दवाखान्यात न्यायचं ते ओळखणं, असं सगळं शिकवून झालं होतं. राहिली होती परीक्षा, आणि ती संगणकावर. एकदा ती दुसरीकडे घेऊन झालेली होती. त्यात घाटघरकडच्या सगळ्या बायांचे पेपर अर्धवट आले. संस्थेचं म्हणणं पडलं की आणखी एक संधी देऊ, पण या खेपेला जमलं नाही तर घाटघरची तुकडी मोडायची आणि खालच्या गावातली सखी आठवड्यातून एकदा वर पाठवायची.

‘आठवड्यातून एकदा’ म्हणताना रुपालीमॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. घाटघरला आठवड्यातून एकदा कोण पोचतं आणि पावसात तर कोण, हे दोघांनाही माहीत होतं. बाया शिकलेल्या होत्या, शिकवलेलं त्यांना येत होतं, मग पेपर का राहतात ते कळत नव्हतं. दस्तगीरभाईंनी ऐटीत सांगितलं, मॅडम, पेपर राहत नसतो, पडदा नडतो. आणि काम घेतलं.

कामाची रीत ठरलेली. आधीच्या कुठल्यातरी परीक्षेची नक्कल मारायची, म्हणजे तिचं सगळं जुळवलेलं तसंच्या तसं येतं, आणि मग त्यात हवं ते बदलायचं. त्यांनी एका कडक क्लासची परीक्षा घेतली आणि तिच्यावर हात फिरवला. अक्षर मोठं केलं. एका वेळी एक प्रश्न ठेवला. बटण अंगठ्याएवढं केलं. मागे जायची वाट मात्र बंदच ठेवली, कारण रुपालीमॅडमना कॉपीची धास्ती होती.

सरावाच्या दिवशी बाया जीपनं आल्या. डझनभर तरी असतील. घाटघरच्या, आजूबाजूच्या वाड्यांतल्या, आणि एक अक्षदा नावाची डिंभ्याची मुलगी, जी लग्न होऊन वर गेली होती. त्यांच्यात वयानं आणि आवाजानं मोठी म्हणजे कोंडाबाई. सगळ्या तिला कोंडाकाकी म्हणत. डोंगरातल्या कितीतरी बाळंतपणांना तीच धावलेली. ती खुर्चीवर बसली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “भाऊ, अक्षर लई मोठं केलंय तुमी. आमी आंधळ्या न्हाई, नुस्त्या सावकाश हाय.”

सराव सुरू झाला. पहिला प्रश्न सगळ्यांच्या पडद्यावर आला आणि तिथंच राहिला. दस्तगीरभाईंच्या संगणकावर कोण कुठल्या प्रश्नावर आहे ते दिसतं. सगळ्या पहिल्यावर. ते थोडा वेळ थांबले. मग उठून वायर हलवून बघितल्या. राउटर बंद करून चालू केला. खालच्या गिरणीनं वीज ओढली असेल म्हणून गोकुळला हाक मारून गिरणी थांबवायला लावली. गिरणी थांबली, खोलीत शांतता पसरली, पहिला प्रश्न हलला नाही.

मग ते कोंडाबाईच्या सुनेच्या, नूतनच्या, मागे जाऊन उभे राहिले. तिचं उत्तर देऊन झालेलं होतं. ‘पुढे’चं अंगठ्याएवढं बटण समोर होतं आणि नूतनचे दोन्ही हात मांडीवर होते. का थांबलीस म्हणून त्यांनी विचारलं.

“कोंडाकाकीचं व्हायचंय अजून,” नूतन म्हणाली. घरात सासूला आत्याबाई म्हणणारी नूतन कामावर तिला सगळ्यांसारखी काकीच म्हणे.

कोंडाबाई चारही पर्याय ओठ हलवून वाचत होती. काहींशी तिचं पटत नव्हतं, ते मान हलवून त्यांना कळवत होती. तिनं एकदाचं उत्तर निवडून ‘पुढे’ दाबलं, आणि खोलीतले सगळे माऊस एकदम वाजले. सगळ्या दुसऱ्या प्रश्नावर गेल्या. तिथं पुन्हा हात मांडीवर.

वेळ संपला तेव्हा निम्मा पेपर झाला होता. सगळ्यांचा, बरोबर निम्मा.

दस्तगीरभाईंनी त्यांना समजावलं की परीक्षा ज्याची त्याची असते, एकीनं दुसरीसाठी थांबायचं नसतं. सगळ्यांना पटलं. कोंडाबाईला तर इतकं पटलं की तिनंच सगळ्यांना झापलं, की माझ्यापायी तुमी कशाला खोळंबताय गं, जावा की फुडं. बायांनी माना डोलावल्या. पुढच्या सरावाला त्या थांबल्या नाहीत, नुसत्या सावकाश झाल्या. एरवी मोबाईलवर भराभरा बोटं फिरवणारी अक्षदा एकेक ओळ अशी वाचू लागली जशी देवळातली पोथी. पेपर पुन्हा निम्मा.

मग त्यांनी सेटिंगचा हिसका दाखवायचं ठरवलं. प्रश्नांचा क्रम प्रत्येकीला वेगळा केला, म्हणजे कोण कुठं आहे ते कळायला नको. पडद्यावरचा प्रश्नाचा आकडा काढून टाकला. शेवटी मधे पुठ्ठेसुद्धा उभे केले. तरी कोंडाबाई पुढे गेली की सगळ्या पुढे. हे कसं होतंय ते त्यांना काही केल्या उमगेना, तेव्हा अक्षदालाच दया आली. तिनं सांगितलं, की काकी माऊस दाबती म्हणजे उखळात कांडती. आवाज ऐकू येतो.

त्या संध्याकाळी भाभींनी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. भाभी म्हणाल्या, बायांना काय झालंय ते मला माहीत नाही, पण तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाऊन बघा की. तुमचा पडदा त्यांनी एवढ्यांदा बघितला, तुम्ही त्यांचं काय बघितलंत?

दिवाळी होऊन गेली होती आणि डोंगरात भाताची कापणी चालू होती. दस्तगीरभाई एका रविवारी घाटघरला गेले. निमित्त होतं मोबाईलवर थोडा सराव घ्यायचं. पण कोंडाबाईच्या खाचरात सगळ्याच बाया सापडल्या. एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं राबायची तिकडची रीत, तिला पडकई म्हणतात. आज कोंडाबाईचं शेत, उद्या दुसरीचं. बाया ओळीनं वाकून कापत होत्या. प्रत्येकीच्या वाट्याला शेताची एक पट्टी, तिची पात. ओळ सगळी मिळून पुढे सरकत होती. एखादी मागे पडली की शेजारची तिच्या पातेतले दोन हात मारायची, आणि ओळ पुन्हा सरळ.

दस्तगीरभाई बांधावर बसून बघत राहिले. तो त्यांचाच परीक्षेचा वर्ग होता. त्यांनी कोंडाबाईला विचारलं, की समजा एखादी भराभर कापत गेली पुढे, तर काय बिघडतं?

कोंडाबाईनं विळा खाली ठेवला. “बिघडत काय न्हाई, भाऊ. पन मागचीला एकलं वाटतं.”

मग त्यांनी विचारलं, की असं कुठलंच काम नाही का, ज्यात प्रत्येकजण आपापलं करतं? कोंडाबाई म्हणाली, हाय की, हिरडा. हिरडा गोळा करायला रानात शिरलं की जी ती आपल्या झाडाखाली. कोण कुठं गेली ते दिसत नाही, हाकेला कुणी नसतं. एखादं झाड अडचणीचं असलं तर सोडायचं आणि येताना बघायचं. पण घरी जाताना मात्र खिंडीतल्या आंब्याखाली सगळ्या थांबतात. शेवटची आल्याशिवाय पाटी कुणी उचलत नाही.

दस्तगीरभाईंनी तिथंच रुपालीमॅडमना फोन लावला. बांधावर रेंज नव्हती म्हणून टेकाडावर चढून लावला. मागे जायची वाट उघडी करू द्या म्हणाले. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाता येऊ दे, आणि शेवटी एक पान असू दे, जिथं झालेले प्रश्न हिरवे दिसतील, राहिलेले पांढरे, आणि ‘जमा करा’चं बटण. प्रश्नांचा क्रम वेगवेगळाच आहे, कॉपी काय होणार? मॅडमनी जरा विचार केला आणि हो म्हणाल्या.

मग खाली येऊन त्यांनी बायांना सांगितलं, की ही परीक्षा भाताची नाही, हिरड्याची आहे. आपापलं झाड. थांबायचं ते शेवटच्या पानावर, आंब्याखाली. बाया हसल्या. नूतननं विचारलं, थांबलं तर चालेल ना तिथं? चालेल म्हणाले. चालेल म्हणताना त्यांना फार बरं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी रुपालीमॅडम मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या. पेपर सुरू झाला आणि दस्तगीरभाईंच्या पडद्यावर एरवी एका रेषेत चालणारे ठिपके रानात पांगले. अक्षदा कुठच्या कुठं गेली. नूतन एक प्रश्न सोडून पुढे गेली, परत आली. कोंडाबाईचा माऊस उखळासारखा वाजत होता आणि त्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. दस्तगीरभाईंना वाटलं, आजोबांनी पहिला कागद वाळत घातला असेल तेव्हा त्यांना असंच वाटलं असेल.

एकेक करत सगळ्या शेवटच्या पानावर आल्या. हिरवे चौकोन पडद्यावर, हात मांडीवर. कोंडाबाई तेवढी एका सोडलेल्या झाडाकडे परत गेली होती.

सहज म्हणून त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली. वेळ संपत आला होता. बायांना ते ठाऊक नसणार, कारण घड्याळ त्यांनीच तळाला, बारीक, करड्या रंगात टाकलं होतं. म्हणून काय झालं, वेळ संपल्यावर पेपर आपोआप जमा होतो, असं ते मनाशी म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं. आपोआप जमा होतो, जर तसं सांगून ठेवलं असेल तर. ही परीक्षा त्या कडक क्लासची नक्कल होती. त्या क्लासनं मुद्दाम वेगळं सांगितलं होतं: वेळेत जमा न केलेला पेपर धरूच नये. दस्तगीरभाईंनी डोळ्यांना दिसणारं सगळं बदललं होतं. ही एक गोष्ट पडद्यावर कुठंच दिसत नाही, म्हणून ती तशीच राहिली होती. सरावात ती नडली नाही, कारण सराव कुणी मोजत नाही.

ते उभे राहिले आणि ज्यांचं झालंय त्यांनी ‘जमा करा’ दाबा म्हणाले, वेळ संपतोय. एकीचाही हात हलला नाही. नूतननं त्यांच्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं सांगितलं, “कोंडाकाकीचं व्हायचंय अजून.”

त्यांनी सांगितलं, की वेळ संपला तर कुणाचाच पेपर धरणार नाहीत. बायांनी ते ऐकलं. अक्षदानं माऊसवर हात ठेवला, शेजारी बघितलं आणि काढून घेतला.

दस्तगीरभाई आपल्या संगणकाकडे धावले. बदलायची एकच खूण होती, वेळ संपल्यावर पेपर आपोआप जमा करावा की नाही याची. पण दुसऱ्यांची अक्षरं आयुष्यभर मोठी करणाऱ्या या माणसानं स्वतःचा पडदा आला तसाच ठेवला होता, मुंगीच्या अक्षरांचा, आणि चष्मा घरी ओट्यावर होता. ते पडद्याला नाक लावून ओळी चाचपू लागले.

तेवढ्यात कोंडाबाईनं शांतपणे विचारलं, “किती येळ हाय, भाऊ?”

“नाही राहिला, कोंडाबाई.”

तिनं समोरच्या प्रश्नाकडे एकदा बघितलं. मग तो तसाच सोडून ती शेवटच्या पानावर आली. तिच्या पडद्यावर सगळे चौकोन हिरवे, एकच पांढरा.

“दाबा गं पोरींनो,” ती म्हणाली. “आले मी.”

सगळे माऊस एकदम वाजले. त्यात एक उखळाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. दस्तगीरभाईंना ती खूण सापडली तेव्हा बदलायला काही उरलंच नव्हतं. यादीत सगळ्यांच्या नावापुढे ‘जमा’ आलं होतं.

बाया जिन्यात गेल्यावर त्यांनी रुपालीमॅडमना आपली चूक स्वतःहून सांगितली. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, की ही खूण नेमकी कुठं असते ते मला दाखवून ठेवा, मीसुद्धा कधी बघितली नव्हती. जिन्यात बायांच्या शिंका चालू होत्या आणि त्यातून कोंडाबाई सांगत होती, की मला उत्तर येत व्हतं, पण चारी बरोबर व्हती, कोन्तं आधी करायचं एवढंच त्यांनी लिवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर दस्तगीरभाईंनी पहिल्यांदा स्वतःच्या पडद्याची अक्षरं मोठी केली. इतकी, की गोकुळ चहा घेऊन आला तर त्याला दारातून सगळं वाचता आलं.

निकाल ते कधीच पडद्यावर लगेच दाखवत नाहीत. शेजारच्याला दिसतो. निकाल थेट संस्थेकडे जातो. त्यामुळे पुढचे काही दिवस त्यांचे कठीण गेले. रुपालीमॅडमचा फोन आला तेव्हा नवरा-बायको नुकतेच जेवायला बसले होते. पानात नूतननं पाठवलेल्या नव्या तांदळाचा भात होता. दस्तगीरभाईंनी उभं राहून फोन ऐकला. सगळ्या पास झाल्या होत्या. कोंडाबाई सगळ्यांत खाली, पण पास. घाटघरची तुकडी राहिली. मॅडमनी कोंडाबाईला आधीच कळवलं होतं, आणि तिनं विचारलं होतं, सगळ्या आल्या ना?

ते परत पानावर बसले. भाभींना सांगितलं. मग सवयीनं भराभर जेवले आणि ताट रिकामं झालं. भाभींनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या उठण्याची वाट बघितली. ते उठले नाहीत. हात ताटात तसाच वाळत होता.

“काय हवंय? भात वाढू?” भाभींनी विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “तुझं होऊ दे.”

भाभींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. तोंड दिसत असताना हा माणूस कसा दिसतो, ते जणू विसरायला झालं होतं. मग त्यांनी भाताचा आणखी एक डाव वाढून घेतला, आणि अगदी कोंडाबाईसारख्या, सावकाश, जेवू लागल्या.